दादाचे हात कडक झालेत. गोळ्या सोडून सर्पगंधा देऊ का?

हर्णैचा धाकटा
थोरला भाऊ 34 वर्षांचा, स्किझोफ्रेनिया आहे. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत त्याने झोपच सोडली. कुणीतरी आपली होडी बुडवणार म्हणून रात्रभर बंदरावर दांडा घेऊन बसायचा. आईने आधी देवाला कौल लावला, मग डॉक्टर. हॅलोपेरिडॉल सुरू झालं. गणपतीपर्यंत कानातले आवाज थांबले, जेवायला लागला.

आता महिनाभर वेगळंच. पाय घासत चालतो, हात हलत नाहीत, चेहऱ्यावर काही उमटत नाही. जाळं दुरुस्त करण्यात वाडीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. काल सुई बोटांत राहीना, तर जाळं बाजूला सारून नुसता बसून राहिला. मला बघवलं नाही. लोक म्हणतात वेड अंगात मुरलं. एका वैद्यांनी सर्पगंधाची मुळी दिलीय. गोळ्या सोडा, झाडपाल्याने काही अपाय होत नाही म्हणतात. काय करू?

गुहागरची ताई
गोळ्या एकदम सोडू नको रे. माझी बहीण बरी दिसते म्हणून आम्ही सोडल्या होत्या. दीड महिन्यात ती मध्यरात्री समुद्राकडे चालत निघाली. सुदैवाने एका काकांनी पाहिलं.

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी
मी औषधशास्त्र शिकवत असे. हे वेड मुरणं नव्हे, आणि कुणाची करणीही नव्हे. बहुधा औषधाचाच परिणाम आहे.

गंमत म्हणजे याची उकल त्या मुळीतूनच झाली. सर्पगंधातून रेसर्पिन हा घटक 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळा काढला गेला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी तो सशांना दिला, तर ससे जागीच थिजले. मग 1957 मध्ये त्यांनी त्याच सशांना एल-डोपा टोचलं आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनतं. तोवर डोपामिन म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनलीन हे दुसरं रसायन बनण्याच्या वाटेवरचा एक टप्पा एवढीच समजूत होती. ते स्वतःच मेंदूपेशींमधला एक निरोप्या आहे आणि हालचाल त्याच्यावर अवलंबून आहे, हे इथून कळलं. पार्किन्सनवरचा उपचार याच वाटेने आला. कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं.

1963 मध्ये त्यांनीच मांडलं की हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डोपामिन संपवत नाहीत, डोपामिन पेशीवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) जाऊन बसतं ती जागा अडवतात. संशय आणि आवाज यांच्याशी जोडलेल्या भागात ही अडवणूक हवी असते. पण गोळी तिथेच थांबत नाही, हालचाल सांभाळणाऱ्या भागातही तेच करते. मेंदूच्या चित्रणातून दिसलं की साधारण 65 टक्के ग्राहक अडले की गुण येतो, आणि 80 टक्क्यांच्या वर कडकपणा वाढतो. मधली पट्टी अरुंद आहे. म्हणून डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता मुळीचं. रेसर्पिन डोपामिनचा साठाच रिकामा करतं. ती दिलीत तर हात सुटणार नाहीत, आणखी आखडतील. रक्तदाब उतरेल, मनही खचू शकतं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी हे माझ्या विद्यार्थ्यांनाही पटवायला वेळ लागे, कारण घरोघर तेच ऐकून ते आलेले असत. मुळी देऊ नका.

एक विचारतो. हॅलोपेरिडॉलसोबत दुसरी एखादी गोळी लिहिली होती का?

हर्णैचा धाकटा
हो सर. छोटी गोळी होती. गेल्या महिन्यात मेडिकलात मिळाली नाही, मुख्य गोळी आहे ना म्हणून मी तशीच सोडून दिली. आत्ता कागद काढून पाहिला. ट्रायहेक्सीफेनिडिल 2 मिग्रॅ.

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी
मला तेच वाटलं होतं. डोपामिन अडलं की हालचालीच्या भागात अ‍ॅसिटिलकोलीन या दुसऱ्या निरोप्याचं पारडं जड होतं. ही गोळी ते हलकं करते. पण स्वतः सुरू करू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा, गोळी कधीपासून बंद आहे ते सांगा. डोस कमी करणं किंवा दुसरं औषध देणं त्यांच्या हातात आहे. कडकपणासोबत ताप आला, घाम सुटला किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर मात्र वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर सरकारची 14416 ही मोफत फोनसेवा आहे, मराठीतही बोलतात.

हर्णैचा धाकटा
ताप नाही, आत्ताच मोजला. उद्या सकाळी फोन करतो. मुळी आईच्या देव्हाऱ्यात होती, तिला सगळं सांगून काढून घेतली. दादाला सांगितलं, हात आखडलेत ते गोळीमुळे, तू बिघडला नाहीस. तो काही बोलला नाही, पण बराच वेळ स्वतःची बोटं बघत होता.