शाळेच्या चिऱ्याच्या भिंतीवर मनाच्या आरोग्याचं चित्र: रंग, तयारी आणि मुलांचा सहभाग

चिरेखाण:
रत्नागिरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या कंपाउंडवर मुलांकडून चित्र काढून घ्यायचं आहे. विषय मनाचं आरोग्य. भिंत ६० फूट लांब, ६ फूट उंच, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. रस्त्याच्या बाजूने प्लास्टर आणि त्यावर वर्षानुवर्षांचा चुना. आठवी-नववीची २५ मुलं आहेत. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, उद्घाटन व्हावं असं संस्थेचं म्हणणं. शैली वारली ठरत आली आहे. खालच्या दोन फुटांत पोपडे सुटलेत आणि पांढरी बुरशी येते. रंग कोणता आणि किती लागेल? मुलांनी नेमकं काय काढावं?

ओळंबा:
१० ऑक्टोबर आधी डोक्यातून काढा. कोकणात तेव्हा पाऊस जेमतेम परतीला लागलेला असतो आणि चिरा चार महिने पाणी प्यायलेला असतो. भिंत जानेवारी-फेब्रुवारीत रंगवा. १० तारखेला कागदावरची चित्रं वर्गात लावा, समारंभ तेवढ्यात होतो.

ती बुरशी नाही, लोणा आहे. भिंतीतलं पाणी क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षार रंगाखाली साठतो आणि रंगाला ढकलून पाडतो. म्हणजे रंग कितीही भारी घेतलात तरी पाणी येतंय तोवर पोपडे येणारच. पाणी कुठून येतंय ते बघा. बहुतेक शाळांत आतल्या बाजूला मैदानाची भर भिंतीला टेकलेली असते. ती माती बाहेरच्या जमिनीच्या पातळीपर्यंत तरी खाली घ्या. भिंतीचा माथा उघडा असेल तर १:४ सिमेंट-वाळूचा उतार काढून घ्या, माथ्यावरून मुरणारं पाणी तिथेच थांबतं. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही. धुतलात की क्षार पुन्हा आत.

कोरडेपणा तपासायला दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर थांबा. ही तपासणी खालच्या भागात करा, वरचा भाग कोरडा निघणारच.

चुना पूर्ण खरवडायला हवा. हात फिरवल्यावर तळवा पांढरा होतोय तोवर तारेचा ब्रश चालू ठेवा. चुन्याच्या भुकटीवर प्रायमर धरतच नाही, पहिल्या पावसात चित्र पापुद्र्यासकट उतरतं. प्लास्टर पोकळ वाजत असेल तिथे तेवढं फोडून नवं करा आणि चार आठवडे जाऊ द्या. उघड्या भिंतीवर पीओपी अजिबात नको.

माप: ६० × ६ = ३६० चौरस फूट. खरबरीत प्लास्टरवर बाहेरचा ॲक्रिलिक प्रायमर लिटरला ७०-८० चौ. फूट जातो, म्हणजे ५ लिटर. पांढरा एक्स्टीरियर इमल्शन दोन हातांना साधारण ८ लिटर, तेव्हा १० लिटरची बादली घ्या, उरलेला फिक्या छटांना लागतो. लाल, पिवळा, निळा तयार रंग एकेक लिटर, काळा अर्धा. पैसे वाचवायला पांढऱ्यात स्टेनर (रंगछटेचं दाट द्रव) ओतून गडद रंग करायचा मोह होतो. लिटरला ४०-५० मिलीच्या वर गेलात की रंग नीट वाळत नाही आणि पावसात ओघळतो.

खालचा फूटभर चित्र नकोच, गडद साधा पट्टा ठेवा. चिखल तिथेच उडतो, आणि पिचकाऱ्याही.

रेघोट्या:
भिंतीचे १० फुटांचे सहा भाग करा. प्रत्येक गटाने १० × ६ इंचांचं चित्र काढायचं, ए-फोर कागदावर ते बसतं. १ इंच = १ फूट. कागदावर इंचाचे चौकोन, भिंतीवर फुटाचे, आणि चौकोन बघत चित्र मोठं करायचं. रेषा मारायला गवंडी दोरी गेरूत बुडवतात, ते टाळा. गेरू पांढऱ्यातून वर उमटतो. फिका निळा खडू पुरे.

सहा गटांची सहा वेगळी पोस्टरं दिसू नयेत म्हणून एक रेषा सगळ्यांतून न्या: वाट, नदी, दोरी, काहीही. अट एवढीच की प्रत्येक जोडावर ती जमिनीपासून ३ फुटांवर यायला हवी. मधे तिने हव्या तशा उड्या माराव्यात. हे कागदावरच ठरवून टाका, भिंतीवर जोड जुळवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

गटात चार मुलं, पंचविसावं मूल रंग मिसळायला. पाणी घालण्याचं कामही त्याच एकाकडे. प्रत्येकाने मगाने पाणी ओतलं की रंग वाळल्यावर हाताला पावडर लागते. वरच्या दीड फुटासाठी लाकडी बाक, प्लास्टिकची खुर्ची नको. गटाला दोन इंची एक, एक इंची तीन आणि बारीक दोन ब्रश. ताठ केसांचेच घ्या, मऊ ब्रश प्लास्टर तासाभरात खातं. आधी मोठे भाग भरा, बाह्यरेषा सगळ्यात शेवटी. सकाळी ८ ते ११ एवढीच वेळ. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशवरच वाळतो.

वारलीबद्दल. ती पालघर, डहाणू, जव्हारकडची. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, आणि लग्नात भिंतीवर काढतात तो चौक ही देवीची जागा आहे, सजावटीची चौकट नव्हे. दोन त्रिकोण जोडले की वारली झाली ही समजूत शाळांच्या भिंतींनीच पसरवली आहे. हवीच असेल तर त्या समाजातल्या कलाकाराला मानधन देऊन बोलवा. तुमच्या जवळ कुडाळची पिंगुळी आहे, ठाकर समाजाच्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेचं गाव. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री त्याच कामासाठी मिळाली. पण मला विचाराल तर या विषयाला मुलांच्या स्वतःच्या रेषा सगळ्यात चांगल्या.

कानोसा:
काय काढू नये ते आधी. गळफास, ब्लेड, गोळ्यांचा ढीग, पुलावरची एकटी आकृती, काहीही नको. त्रासात असलेल्या मुलाला त्यातून पद्धत सुचते. डोकं धरून कोपऱ्यात बसलेला काळा माणूसही टाळा, आजारी म्हणजे असा दिसणारा असं बघणाऱ्याच्या मनात बसतं. त्यापेक्षा मदत मागणं आणि मिळणं दाखवा: मधल्या सुट्टीत शेजारी येऊन बसलेली मैत्रीण, आजीला काहीतरी सांगणारा मुलगा.

भिंतीआधी कागदावर दीड तासाची तीन सत्रं घ्या. पहिल्यात नुसत्या रेघोट्या, चिडल्यावरची, कंटाळल्यावरची, निवांत असतानाची. "हे काय काढलंस?" विचारू नका, "याबद्दल सांगायचंय का?" विचारा, आणि नाही म्हटलं तर सोडून द्या. काळा रंग वापरला म्हणजे मूल उदास, असले अर्थ लावू नका. सत्रांतली चित्रं मुलांची खाजगी. भिंतीवर काय जाईल ते त्यांनी निवडायचं, आणि व्हॉट्सॲपवर नावासकट फोटो नकोत. हे उपचार नाहीत, हेही संस्थेला सांगून ठेवा. एखाद्या चित्रात स्वतःला इजा करण्याचा विचार दिसला तर वर्गासमोर न बोलता त्या मुलाशी त्याच दिवशी बोला, पालक आणि समुपदेशकाला कळवा. लैंगिक अत्याचाराचं काही पुढे आलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "आधी संस्थेत बघू" चालत नाही.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर नक्की लिहा, फोन मोफत आहे आणि २४ तास. आकडे किमान ८ इंच, इंग्रजी आकड्यांतही.

चिरेखाण:
तारीख फेब्रुवारीवर नेली. दोन शंका. फाटकाच्या खांबांवर जुना हिरवा ऑइलपेंट आहे, मुलांनी घासला तर चालेल? आणि वरून व्हार्निश मारायचं का?

ओळंबा:
खांबांना मुलांचे हात नकोत. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. मोठ्या माणसाने मास्क लावून पाणी मारत खरवडायचं, कोरडा पॉलिशपेपर नाही. भुगा गोळा करून पिशवीत बांधा, मैदानात झाडू नका. पापुद्रे सुटत नसतील तर हात न लावता तसेच ठेवलेले बरे.

व्हार्निश पिवळं पडतं. पाण्यातला मॅट ॲक्रिलिक क्लिअर कोट मारा, तोही चित्र आठवडाभर वाळल्यावर. आणि देणगीदारांची नावं पट्टीवर दोन इंचांत बसवा, आत्ताच ठरवून घ्या.