मदत हवी आहे: सातवीतल्या मुलीला कोडिंग पुढे कसं शिकवू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. लेक चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, आता इंग्रजी माध्यमात सातवीला आहे. गोव्यात सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्स आलंय, त्यामुळे शाळेत स्क्रॅच (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) शिकली आणि घरी माझा लॅपटॉप तिचाच झाला.

परवा तिने गेम केला: वरून काजूचे बोंडू पडतात, खाली टोपलीत झेलायचे. बोंडू टोपलीत पडे, पण गुण काही वाढेनात. तासभर धुसफुसली. मग तिलाच सापडलं, ‘टोपलीला लागला का’ हा तपास तिने ‘फॉरएव्हर’च्या, म्हणजे आतलं सतत परत परत चालवणाऱ्या ठोकळ्याच्या, बाहेर ठेवला होता. तो सुरुवातीला एकदाच व्हायचा, तेव्हा बोंडू अजून झाडावर! आत सरकवला तर पटापट गुण. तेवढ्यात भाजी करपली, पण असो.

आता एका ऑनलाइन क्लासवाल्याचे रोज फोन. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, वर ‘आत्ता नाही घेतलं तर मूल मागे पडेल’ ही भीती. बारा वर्षांच्या पोरीचं करिअर मला आजच ठरवायचं नाही. पण गोडी लागलीय ती मोडायलाही नको.

तुमच्यापैकी कुणी मुलांना स्क्रॅचवरून पायथनकडे (म्हणजे टाइप करून लिहायच्या भाषेकडे) नेलंय का? कोणत्या वयात? टायपिंग आणि इंग्रजी एरर वाचताना मुलं कंटाळतात का? की आधी मायक्रोबिट (प्रोग्राम करता येणारा छोटासा सर्किट बोर्ड) घेऊन द्यावं? फोंडा-पणजीकडे समोर बसून शिकवणारं कुणी असेल तर प्लीज सांगा. ‘हे’ म्हणतात, गणित पक्कं कर, बाकी आपोआप येईल. खरंच येतं?