साथीदाराने नावाची अपेक्षा धरावी का?

संवादिनी_पुणे

नमस्कार. मी पुण्यात अनेक वर्षे संवादिनीची, म्हणजे पेटीची, साथ करतो. ख्यालाच्या मैफली, नाट्यसंगीत, दिवाळी पहाट, अभंगवाणी असे सगळेच असते, आणि घर मात्र शिकवण्यांवर चालते. अलीकडे एका कार्यक्रमातील नाट्यपदाची छोटी चित्रफीत समाजमाध्यमांवर पुष्कळ फिरली. गायिकेने अंतऱ्याची ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडली आणि ती श्वास घेईपर्यंतच्या जागेत मी कोमल निषाद या स्वरावरून उतरत एक लहानशी हरकत (स्वरांचे छोटे वळण) वाजवली. लोकांनी नेमका तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवला. आयोजकांनी टाकलेल्या मूळ चित्रफितीखाली गायिकेचे, निवेदिकेचे आणि प्रायोजकाचे नाव आहे. माझे आणि तबलजींचे नाही. चौकटीच्या उजव्या कडेला माझा डावा हात आणि हलणारा भाता तेवढा दिसतो.

वाईट वाटले, हे खरे आहे. परंतु पायाशी पेटी ठेवून स्कूटरवरून लक्ष्मी रस्त्याने जाताना आपल्याला कोणी ओळखत नाही, याचे मला बरेही वाटते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा वाटू शकतात हे उलगडत नाही. विद्यार्थी म्हणतात, ‘सर, स्वतःचे चॅनेल सुरू करा.’ माझे गुरुजी म्हणत, की श्रोत्याला घरी गेल्यावर पेटी आठवली तर समजावे की आपण जास्त वाजवले. नावाची अपेक्षा साथीच्या शिस्तीत बसते का? जाणकारांनी, आणि विशेषतः स्वतः वाजवणाऱ्यांनी, लिहावे.

जुना_श्रोता

आपल्या गुरुजींचे म्हणणे वाजवण्यापुरते खरे आहे, पत्रिकेपुरते नाही. आपल्या संगीताला नावाचे वावडे कधीच नव्हते. ख्यालाच्या बंदिशी रचणाऱ्या नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ हे नाव बंदिशीतच गुंफून ठेवले, फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ झाले, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ झाले, आणि ग्रंथकार म्हणून टोपणनावाआड राहणाऱ्या संगीतशास्त्रकार भातखंड्यांनीही आपल्या रचनांवर ‘चतुर’ अशी मुद्रा उमटवलीच. रचनाकाराला चीजेच्या शब्दांत सही करता येत होती. साथीदाराला शब्दच नसल्यामुळे तशी जागा मिळाली नाही, एवढाच फरक आहे. (गायिका गौहरजान १९०२ सालापासूनच्या तबकड्यांमध्ये शेवटी स्वतःचे नाव उच्चारत असत. तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या तंत्रज्ञांना गाणे कोणाचे हे कळावे, असे त्याचे कारण सांगतात. त्यातला दिमाख मात्र कामापुरता वाटत नाही.)

खरा भेद, माझ्या मते, लादलेल्या आणि निवडलेल्या अनामिकतेत आहे. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी नभोवाणीकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपुढे आले. पुढे त्याच लताबाईंनी साठच्या दशकात मराठी चित्रपटांना संगीत देताना स्वतःहून ‘आनंदघन’ हे नाव घेतले, आणि ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा सभागृहाला उलगडा झाला की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाईच. नाव हाताशी असल्याशिवाय ते झाकून ठेवण्याचे सुख घेता येत नाही. आपल्याला रस्त्यावर जे बरे वाटते ते निवडलेले आहे आणि चित्रफितीखाली जे झाले ते लादलेले आहे, त्यामुळे यात मला विसंगती दिसत नाही.

आडा_चौताल

मी तबला वाजवतो आणि ध्वनिमुद्रणाची कामेही करतो. तात्त्विक चर्चेत मला फारशी गती नाही. नाव नसले की पुढचे काम येत नाही, ही साधी गोष्ट आहे. मानधन एकदाच मिळते. पुढच्या आयोजकाने ‘तो पेटीवाला कोण?’ असे विचारल्यावर उत्तर कुठे तरी लिहिलेले असावे लागते.

अँथनी गोन्साल्विस हे नाव ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यामुळे १९७७पासून देशभर तोंडात आहे. ते गोव्याचे व्हायोलिनवादक आणि हिंदी चित्रपटसंगीतातले एक मोठे अरेंजर (वाद्यवृंदाची रचना लिहिणारे) होते, आणि गाण्यात ते नाव आले ते त्यांचे शिष्य, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल, यांच्यामुळे, हे गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना माहीत असते? नाव गाजले आणि माणूस अज्ञातच राहिला. दुसरे अरेंजर सबॅस्टियन डिसोझा यांच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतली वाद्यवृंदाची भव्यता आपण संगीतकारांच्या खात्यावर मांडतो; ती कागदावर उतरवणारा हात बहुतेकदा त्यांचा होता.

मुलतानी

मी गाते. नाव सांगत नाही, यातच माझे अर्धे उत्तर आले असे समजावे.

थोडीफार प्रसिद्धी माझ्या वाट्याला आली ती एका भक्तिगीतामुळे. तेव्हापासून कुठेही गायला बसले की मध्यंतरानंतर चिठ्ठ्या येऊ लागतात, आणि प्रत्येक चिठ्ठीत तेच गीत असते. मध्यंतरी विलंबित झुमऱ्यात (संथ लयीच्या तालात) मुलतानी राग मांडला होता, स्वर नुकता लागत होता, आणि पहिल्या रांगेतील एका गृहस्थांनी भ्रमणध्वनी वर धरलेला मला दिसला. ते गीत कधी सुरू होते याची ते वाट पाहत होते. रागात चुकण्याची, अर्धवट सुचलेली जागा लोकांपुढे पडताळून पाहण्याची मोकळीक प्रसिद्धीने पहिल्यांदा जाते. आपण नवे काही केले तर ‘आज आवाज लागला नाही’ असे ऐकावे लागते. तुमच्याकडे ती मोकळीक अजून आहे, आणि रस्त्यावरचे ते ‘बरे वाटणे’ बहुधा तिचेच असावे.

अशा चर्चेत सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींचे उदाहरण हमखास येते, म्हणून आधीच लिहिते. त्यांनी जाहीर वादन बंद केले, मुंबईत घरी शिकवले, बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले, आणि १९७७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु त्या मैहरच्या थोर गुरू अलाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या आणि शिष्या होत्या. त्यांनी दार लावून घेतले तरी लोक दाराशी उभे राहिले. सदाशिव पेठेतल्या संवादिनीवादकाने दार लावले तर कोणी विचारायलाही येणार नाही. त्यागाचा तो आदर्श साथीदारांना ऐकवणे मला थोडे निर्दयपणाचे वाटते, आणि तो ऐकवण्यात आम्ही गायकच पुढे असतो.

आणि एक. त्या चित्रफितीखाली तुमचे नाव घालण्याची पहिली जबाबदारी गायिकेची होती. तिचे स्वतःचे खाते असेलच. दोन ओळी लिहायला काहीच लागत नाही.

मांडव_ते_पडदा

कार्यक्रम आखणाऱ्यांची बाजूही असू द्यावी. साथीदार पुष्कळदा आदल्या दिवशी बदलतात, आणि पत्रिका तोपर्यंत छापून झालेली असते. परंतु चित्रफीत नंतर टाकली जाते, तेव्हा हे कारण तिथे लागू पडत नाही, हे मान्य करावेच लागेल.

संवादिनी_पुणे

सर्वांचे आभार. मुलतानीताई, गायिकेशी मी अद्याप बोललेलो नाही. त्या वयाने लहान आहेत आणि माझ्याविषयी आदर बाळगतात, म्हणूनच संकोच होतो. चॅनेल मात्र सुरू करणार नाही. पेटीवर एकट्याने वाजवणे हे निराळे काम आहे आणि माझा जीव साथीतच रमतो. मला फक्त नाव हवे आहे, चेहरा नको. नाव मागण्याचा मला काही अधिकार आहे का, की ही केवळ विनंती ठरते?

आडा_चौताल

अधिकार आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यातील कलम ३८-बीनुसार सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे असा हक्क सांगता येतो. वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणे शक्य नसेल तेवढा अपवाद आहे. चित्रपटातील किरकोळ किंवा प्रासंगिक काम, ज्याचे श्रेय देण्याची त्या व्यवसायात प्रथाच नाही, ते मात्र यातून वगळलेले आहे. तुमची मैफल त्यात बसत नाही, आणि मैफलीचे मुद्रण करायलाही सादरकर्त्याची संमती लागते. तरी मी नोटिशीची भाषा करणार नाही. आयोजकांना एक साधे पत्र लिहा, त्यात तबलजींचेही नाव घाला, आणि पुढच्या वेळी मानधन ठरवतानाच ‘चित्रफितीखाली साथीदारांची नावे द्यावीत’ हे एक वाक्य लेखी घ्या. मी आता तसेच करतो. एका ठिकाणी त्यावरून काम गेले, बाकीच्यांनी हरकत घेतली नाही.