मदत हवी आहे : मिनिमम जर्क मॉडेलमध्ये शेवटची शेपटी बसत नाही

टेबलावर हात ३० सेंमी सरकवण्याच्या नोंदींवर (२०० हर्ट्झ) फ्लॅश-होगन यांचं १९८५ चं मिनिमम जर्क मॉडेल (जर्क, म्हणजे त्वरण बदलण्याचा दर, एकूणात कमीत कमी राहील असा हात हलतो असं मानणारं) बसवतोय. स्थानाच्या सूत्रात वेळेच्या ३, ४, ५ या घातांचे सहगुणक १०, −१५, ६. यात वेग बरोबर निम्म्या वेळेला शिखर गाठतो, सरासरीच्या १.८७५ पट. लक्ष्य ४ सेंमी रुंदीचं असताना छान जुळतं. १ सेंमीचं केलं की शिखर एकूण वेळेच्या ४० टक्क्यांवरच येतं आणि मागे हळूहळू उतरणाऱ्या वेगाची लांब शेपटी उरते.

फिल्टरमुळे नसावं : नोंदीतला गोंगाट काढणारं १० हर्ट्झचं बटरवर्थ फिल्टर पुढून-मागून दोन्हीकडून लावलंय, म्हणजे कालविलंब नाही. सुरुवात-शेवट शिखरवेगाच्या ५ टक्क्यांवर कापल्याने कालावधी आखूड होतो, म्हणून तोही मोकळा ठेवलाय (मॉडेल बसवतानाच काढतोय).

आता दुसरी छोटी उपहालचाल (शेवटची चूक सुधारणारी) जोडावी, की हॅरिस-वोल्पर्ट यांचं किमान विचरणाचं मॉडेल (हात जिथे थांबतो तिथला विखुरलेपणा कमीत कमी ठेवणारं) घ्यावं? उपहालचाली वाढवल्या की काहीही जुळतं, हीच भीती. दोन्हींतला फरक पकडणारी चाचणी कुणी केली असेल तर कृपया सांगा.