जुन्या गाडीसाठी स्वस्तातला कोड स्कॅनर: काय बघून घ्यावा?

जुनी_चारचाकी

गाडी २००३ ची, पेट्रोल, १.६ लिटर, चार सिलिंडर. इंजिनचा पिवळा दिवा लागतो, काही दिवस राहतो आणि आपोआप विझतो. सकाळी थंड इंजिनवर आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे मिनिटाला फेरे) ७०० ते ११०० आरपीएममध्ये झुलतं, गाडी गरम झाली की बऱ्यापैकी स्थिर होतं. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही अधूनमधून लागतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे.

गाडीचं वय बघता स्कॅनरवर फार पैसे घालवण्यात अर्थ नाही. तीन प्रकार दिसतात: हातात धरायचा छोट्या स्क्रीनचा कोड रीडर, फोनला जोडायचा ब्लूटूथ डोंगल, आणि सगळ्या सिस्टिम वाचतो म्हणणारा टॅब्लेट, ज्याला दरवर्षी अपडेटचे पैसे भरावे लागतात. यातलं काय घेऊ? आणि एबीएस त्याच यंत्रावर वाचता येईल का?

दहाचा_पाना

प्रकार ठरवण्याआधी टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये बघा. खाचा सोळा असतात, पण धातूच्या पिना त्यातल्या मोजक्याच खाचांत असतात. त्या कुठे आहेत त्यावरून गाडी स्कॅनरशी कोणत्या प्रोटोकॉलवर (भाषेत) बोलते ते कळतं. सॉकेटची रुंद बाजू वर आहे असं धरा: वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. बऱ्याच गाड्यांत सॉकेट उलटं बसवलेलं असतं, तेव्हा मोजताना सांभाळा.

४ आणि ५ ग्राउंड, १६ वर बॅटरीचा थेट प्लस. बाकीच्यांत ७ भरलेली असेल (कधी सोबत १५) तर के-लाइन, म्हणजे आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी २०००. ६ आणि १४ भरलेल्या असतील तर कॅन, हा त्याहून वेगवान प्रोटोकॉल. २ आणि १० म्हणजे जे१८५० पीडब्ल्यूएम, जुन्या फोर्ड गाड्यांतला. १० रिकामी आणि फक्त २ भरलेली असेल तर जे१८५० व्हीपीडब्ल्यू, जुन्या जनरल मोटर्सचा. ७ सुद्धा आणि ६-१४ सुद्धा भरलेल्या असतील तर अनेकदा इंजिन कॅनवर असतं आणि बाकीचे कंट्रोलर के-लाइनवर.

सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे ओबीडी-२ (गाडीतले दोष स्कॅनरला सांगण्याची प्रमाण पद्धत) असणारच, असं मात्र नाही. अमेरिकेत ते १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून. इतर बाजारांत त्याहून उशिरा. मधल्या काळात काही कंपन्यांनी तेच सॉकेट बसवून आत स्वतःचा प्रोटोकॉल ठेवला. बॉनेटखालच्या उत्सर्जनाच्या स्टिकरवर ओबीडी-२ किंवा ईओबीडी (त्याचीच युरोपीय आवृत्ती) लिहिलंय का बघा. तसं नसेल तर साधा स्कॅनर जोडला जाईल, पण "लिंक एरर" दाखवून थांबेल.

के_लाइन

पिनांचं वर आलंच आहे, मी यंत्राबद्दल लिहितो.

फक्त कोड दाखवणारा आणि पुसणारा रीडर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कोड तक्रार सांगतो, खराब पार्ट सांगत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. लोक त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलतात आणि दिवा पुन्हा लागतो, कारण सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. म्हणून यंत्रात या गोष्टी हव्यातच: लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे), फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला त्या क्षणीचे आकडे), पेंडिंग कोड (दिसलेला पण अजून पक्का न झालेला दोष), आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते). मोड ६ (त्या चाचण्यांचे कच्चे निकाल) मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

डोंगलबद्दल. बाजारातले बहुतेक ईएलएम३२७ (गाडीचे प्रोटोकॉल वाचणारी मूळ चिप) म्हणून विकले जाणारे डोंगल नकला आहेत. त्यांच्यावरच्या व्हर्जनच्या आकड्यावर जाऊ नका. व्ही१.५ नावाची चिप मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, आणि "व्ही२.१" सांगणाऱ्या पुष्कळ नकलांत व्ही१.५ वाल्या बऱ्या नकलेपेक्षा कमी कमांड चालतात. अगदी छोट्या, नखाएवढ्या बोर्डवाल्या डोंगलमध्ये हमखास काटछाट असते. जे१८५० गायब, के-लाइन अर्धवट, फक्त कॅन धड चालतो. नव्या गाडीवर ते सुरळीत चालतात, म्हणून त्यांची रिव्ह्यू चांगली दिसतात. जुन्या गाडीवर तोच डोंगल "सर्चिंग" वर अडकतो. तेव्हा रिव्ह्यू वाचताना तुमच्या प्रोटोकॉलची गाडी कुणी जोडली आहे का तेवढंच शोधा. परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी गाडीवर लावून बघा. मोफत अॅपमध्ये डोंगलच्या कमांड तपासणारी चाचणी मिळते, तीही चालवा.

फोनचा मुद्दा: जुना ब्लूटूथ डोंगल आयफोनला जोडला जात नाही, त्याला ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला लागतो. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथ पुरतो.

के-लाइनचा वेग १०.४ किलोबॉड, कॅनचा साधारण ५०० किलोबिट. याचा अर्थ के-लाइनवर एका सेकंदात मोजकेच आकडे येतात. स्क्रीनवर वीस गेज मांडलेत तर प्रत्येक आकडा काही सेकंद शिळा असेल. एका वेळी तीन किंवा चारच निवडा.

जुनी_चारचाकी

टॉर्चने बघितलं. ४, ५, ७, १५ आणि १६ भरलेल्या आहेत. ६ आणि १४ रिकाम्या. बॉनेटखाली ईओबीडी लिहिलेलं आहे. म्हणजे के-लाइन. मग हातातला यंत्र-प्रकार बरा की डोंगल? आणि यंत्र आल्यावर या आयडलच्या त्रासासाठी नक्की कुठले आकडे बघू?

दहाचा_पाना

के-लाइनसाठी लाइव्ह डेटा दाखवणारा हातातला स्कॅनर. नकली डोंगलचा जुगार नको असेल तर हाच सरळ मार्ग. फोनची बॅटरी, पेअरिंग, अॅपच्या परवानग्या, काही नाही. सॉकेटमधून वीज घेतो आणि चालू होतो. ग्राफ आणि नोंद साठवण्यासाठी मात्र डोंगल आणि फोन चांगले. टॅब्लेट तुमच्या कामाला मोठा आहे.

यंत्र लावल्यावर दिवाच लागला नाही तर स्कॅनरला दोष देण्याआधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत पिन १६ आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. मल्टिमीटरने १६ आणि ४ मध्ये बॅटरीचा व्होल्टेज मिळायला हवा. जाड प्रोब खाचेत खुपसू नका, आतली पट्टी फाकते आणि मग कुठलाच स्कॅनर नीट टेकत नाही. पातळ तार किंवा योग्य मापाची पिन वापरा.

फ्युएल_ट्रिम

आयडलबद्दल. सगळ्यात आधी: कोड पुसू नका. पुसलात की फ्रीझ फ्रेम जाते, रेडिनेस मॉनिटर शून्यावर येतात आणि लाँग टर्म ट्रिमही बहुतेक गाड्यांत पुसला जातो (ट्रिम म्हणजे कंट्रोलर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा; शॉर्ट टर्म त्या क्षणीचा, लाँग टर्म साठवलेला). म्हणजे पुरावाच गेला. तुमचा दिवा आपोआप विझतो कारण गाडी चालवण्याच्या लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की कंट्रोलर तो विझवतो. कोड मात्र साधारण चाळीस वॉर्म-अप (थंड इंजिन पूर्ण गरम होणं) होईपर्यंत आत राहतो, तेव्हा दिवा विझलेला असतानाही वाचता येतो.

क्रम असा ठेवा. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी ऑन, इंजिन बंद. साठलेले आणि पेंडिंग कोड लिहून घ्या. फ्रीझ फ्रेममधून आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड, वेग आणि दोन्ही ट्रिम उतरवून घ्या. दोष नोंदला तेव्हा इंजिन ३० अंशांवर होतं की ९० वर, यावरून अर्धा शोध संपतो.

मग इंजिन सुरू न करताच लाइव्ह डेटा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं, दोन-चार अंशांचा फरक चालतो. कूलंट वजा ४० दाखवत असेल तर सेन्सरची तार तुटली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे. दहा-पंधरा अंशांचा खोटा फरकही थंड इंजिनाला चुकीचं पेट्रोल देतो, आणि त्याचा कोड येईलच असं नाही. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असेल तर या अवस्थेत तो हवेचा दाब दाखवतो: समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, दर हजार मीटर उंचीला ११ ते १२ कमी.

आता सुरू करा. सुरुवातीला लूप ओपन असतो (कंट्रोलर अजून ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही; ऐकू लागला की क्लोज्ड) आणि शॉर्ट टर्म ट्रिम शून्यावर दिसतो. त्यावरून निष्कर्ष काढू नका. "क्लोज्ड" दिसू लागल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज करा, आधी आयडलला, मग २५०० आरपीएम धरून. बेरीज अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला अधिक १५-२० आणि २५०० ला ३-५ वर आली, तर न मोजलेली हवा आत शिरते आहे. आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून छोट्या गळतीचा वाटा मोठा होतो. आरपीएम वाढलं की तो विरघळतो. उलट आकडा आरपीएम आणि लोडबरोबर चढत गेला तर पेट्रोलचा दाब, फिल्टर, पंप, किंवा मळलेला एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा).

हे गणित एअर मास सेन्सरवाल्या इंजिनाचं. तुमच्या इंजिनात फक्त मॅप सेन्सर असेल तर गळतीची हवाही तो मोजतो, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडलच वर चढतं. एअर फिल्टरनंतरच्या पाइपवर तारांचा कनेक्टर असलेलं नळकांडं असेल तर तो एअर मास सेन्सर.

तुमची लक्षणं (थंडीत झुलणं, गरम झाल्यावर स्थिर) इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटशी जुळतात. जुनं रबर थंड असताना आकसलेलं असतं, गरम झालं की फुगून फट बुजते. त्याखालोखाल क्रँककेसच्या वाफेचा होज, ब्रेक बूस्टरचा होज, आणि थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, एकेक होज गुळगुळीत जबड्याच्या पकडीने क्षणभर चिमटा आणि शॉर्ट टर्म बघा. एखादा होज चिमटल्यावर ट्रिम धपकन खाली आला तर गळती त्याच बाजूला. गरम इंजिनावर पेट घेणारा स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत सर्रास सांगितली जाते. कृपया ती करू नका, आग लागते. धुराची चाचणी गॅरेजमध्ये करून घ्या.

के_लाइन

एबीएसचं राहिलं. ओबीडी-२ चं बंधन फक्त उत्सर्जनाशी संबंधित भागांना आहे. एबीएस आणि एअरबॅगचे कोड प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत असतात, त्यामुळे साधा स्कॅनर ते बघूच शकत नाही. पाकिटावरच्या "सर्व गाड्यांना चालतो" या ओळीचा अर्थ फक्त इंजिन. घ्यायचा तर उत्पादकाच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल, साल आणि एबीएस ही तिन्ही एकत्र सापडायला हवीत. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांना केकेएल केबल (के-लाइन कॉम्प्युटरला जोडणारी), फोर्ड आणि माझदाला फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर, असे स्वस्त खास मार्ग आहेत. तुमची गाडी त्यातली असेल तर टॅब्लेटचा विचारच सोडा.

त्याआधी यंत्राशिवाय होणारी तपासणी करा. ब्रेक ऑइलची पातळी. चारही चाकांजवळ सेन्सरची तार. पुढची चाकं पूर्ण वळवून बघा, तिथेच ती घासते. दातेरी रिंगवर गंज किंवा तडा. जुना दोन तारांचा साधा कॉइल सेन्सर असेल तर कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजा, साधारण ८०० ते २००० ओहम येतो. आकड्यापेक्षा डावी-उजवी बाजू जुळते का ते महत्त्वाचं. अॅक्टिव्ह प्रकारच्या सेन्सरवर ओहममीटर लावू नका, त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स खराब होऊ शकतं.

आणि डोंगल घेतलात तर काम झाल्यावर काढून ठेवा. पिन १६ चावी बंद असतानाही जिवंत असते. आठवडाभर उभ्या गाडीची जुनी बॅटरी त्याने बसू शकते.