गिरणीच्या दगडांना टाकी कशी लावावी, म्हणजे छिन्नीने पुन्हा धार कशी आणावी?

प्रश्न (कुडाळ): आमच्या गिरणीत तांदळाचे पीठ गरम पडते आणि घावनांसाठी हवे तितके बारीकही होत नाही. दगड बदलावेत की टाकी लावून भागेल?

उत्तर १: बदलण्याची घाई नको. बोथट दगड दाणा कापत नाही, नुसता घासतो. पीठ तापते ते त्यामुळेच. सपाट पट्टीला ओला गेरू लावून ती दगडावरून फिरवावी, जिथे लाल डाग उठतील तेवढाच उंचवटा आधी छिन्नीने उतरवावा, आणि मग मध्याकडे खोल व कडेकडे उथळ होत जाणाऱ्या चऱ्या (खाचा) पाडाव्यात.

उत्तर २: सहमत, मात्र धुतलेले तांदूळ नीट न वाळवता दळले, तर चऱ्या पिठाने बुजतात आणि टाकीचे श्रम वाया जातात. पावसाळ्यात हे हमखास घडते.

उत्तर ३: टाकीनंतरचे पहिले दळण टाकून द्यावे, अन्यथा भाकरीत कचकच लागते.