मदत हवी आहे : ग्रामपंचायतीतलं इंटरनेट वाडीपर्यंत कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. भारतनेटची (सरकारची गावोगावी इंटरनेट पोचवायची योजना) फायबर ग्रामपंचायतीत आली आहे, वेगही बरा मिळतो. पण कोकणातलं गाव म्हणजे वाड्या! सगळ्यात लांबची वाडी सरळ रेषेत दोनेक किलोमीटरवर, मध्ये ओढा आणि आंबा-फणसाची गर्दी. खांबांवरून केबल ओढली तर पहिल्याच पावसाळ्यात फांद्या पडून तुटणार. जमिनीखालून न्यायची तर कातळ फोडायचे पैसे कोण देणार?

म्हणून 5 गिगाहर्ट्झच्या वायरलेस लिंकचा, म्हणजे दोन टोकांना समोरासमोर अँटेना लावून इंटरनेट न्यायचा, विचार चाललाय. या पट्ट्याला 2018 पासून परवाना लागत नाही. फक्त समोरचा अँटेना नुसता दिसून भागत नाही. एवढ्या अंतराला दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती मधोमध निदान तीन मीटर मोकळीक लागते. पाण्याच्या टाकीवर पाइप उभारला तर ती मिळेल असं वाटतं.

खरी धास्ती विजेची. जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही, आणि मे महिन्यातल्या गडगडाटात आमच्याकडे टीव्हीसुद्धा जळतात. कातळावर कुणी असं अर्थिंग केलंय का? खड्डा किती खोल, आत काय भरलं?

दुसरं, पीएम-वाणीत (सरकारची सार्वजनिक वाय-फायची योजना) पीडीओला, म्हणजे लोकांना वाय-फाय पुरवणाऱ्या दुकानाला, परवाना लागत नाही. वाडीतल्या किराणा दुकानदाराने असं पीडीओ चालवलं तर महिन्याचा खर्च सुटतो का? अनुभव असलेल्यांनीच सांगा, दुकानदार आधीच घाबरलाय.